दोघांनी कपाट जिन्यावरून उतरवायचं तर

लोखंडी कपाट दोघांनी हलवताना बोटं चेंगरतात, भिंतीचा गिलावा निघतो, कंबर धरते. दोष ताकदीला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच, की एकाने उचललं तेव्हा दुसरा अजून पकड शोधत होता, किंवा एकाने टेकवलं आणि दुसऱ्याला ते कळलंच नाही. चूक अर्ध्या सेकंदाची असते, आणि ती टाळण्याची तयारी कपाटाला हात लावण्याआधी करावी लागते.

इथे धरलेलं उदाहरण नेहमीच्या कपाटाचं: उंची साडेसहा फूट (१९८ सेंमी), रुंदी तीन फूट (९२ सेंमी), खोली १९ इंच (४९ सेंमी). लिफ्ट नाही, किंवा आहे पण कपाट त्यात मावत नाही. दोन मजले उतरायचे आहेत, मध्ये वळणाचा टप्पा. फ्रिज आणि वॉशिंग मशीनला काय बदलतं ते पुढे ओघात येईल.

आधी पाण्याची बाटली

एक लिटरची भरलेली बाटली डाव्या तळहातावर उभी धरा, कोपर काटकोनात. आता आपल्याच उजव्या हाताने ती उचला. डावा हात जागचा हलत नाही. पुन्हा ठेवा, डोळे मिटा आणि जोडीदाराला न सांगता उचलायला सांगा. तुमचा हात टुणकन वर उडेल. कितीही ठरवलं तरी उडेल.

कारण असं, की आपला एक हात काय करणार हे शरीराला आधीच ठाऊक असतं आणि दुसऱ्या हाताचा जोर त्याच क्षणी सैल केला जातो. दुसऱ्या माणसाचा हात काय करणार हे शरीराला ठाऊक नसतं. कळतं ते भार बदलल्यावर. ऐकून किंवा बघून समजून हालचाल करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात सुटलेली वस्तू ३० सेंमी खाली येते. म्हणजे 'त्याने सोडलं की मी सांभाळतो' हा बेत मुळातच अशक्य आहे. सांभाळायला तुम्ही पोचता तेव्हा कोपरा पायावर आलेला असतो.

म्हणून दोघांच्या कामात प्रत्येक हालचाल होण्याच्या आधी जाहीर व्हावी लागते. एवढं जमलं की निम्मं काम झालं. ही बाटलीची गंमत जोडीदारासोबत खरोखर करून बघा, दोन मिनिटं लागतात. नंतर 'सोडतोय' म्हणायची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही.

शब्द ठरवा, आणि कोणाचा ते ठरवा

'एक, दोन, तीन' यात एक जुनी खोट आहे. कुणी 'तीन'वर उचलतो, कुणी 'तीन' ऐकून मग उचलतो. दोघेही स्वतःला बरोबर समजतात. यावर उपाय सोपा: तिसरा आकडा काढूनच टाका. 'एक... दोन... उचल.' शब्दावरच उचलायचं, शब्दानंतर नाही. तिन्ही शब्दांमधलं अंतर सारखं ठेवा, साधारण एकेक सेकंद. पहिल्या दोन शब्दांवरून तिसरा नेमका कधी पडणार याचा अंदाज कानाला येतो आणि दोघेही त्या क्षणाला तयार असतात. टाळकरी समेवर एकत्र पडतात ते याच अंदाजाने. सम ऐकून मग टाळ मारला तर तो उशिराच पडेल. 'दोन'वर श्वास घ्या, उचलताना सोडा. घाईत नुसतं 'उचल!' म्हटलं तर म्हणणारा लगेच उचलतो, ऐकणारा पाव सेकंद मागे राहतो, आणि कपाट पहिल्याच क्षणी तिरकं होतं.

शब्द पाचच ठेवा: उचल, चल, थांब, टेकव, धर. नकार मात्र पूर्ण बंद. मराठीत 'नको' शेवटी येतं. जिन्यात आवाज घुमतो, जोडीदार कपाटाच्या पलीकडे असतो, आणि 'सोडू नको' मधलं 'सोडू' तेवढं त्याच्यापर्यंत पोचतं. त्याऐवजी 'धर' म्हणा. 'अजून टेकवू नको'च्या जागी 'चल'.

डावं-उजवंही नको. समोरासमोर उभ्या दोघांची डावी बाजू वेगळी असते हे कुणाला सांगावं लागत नाही, पण हातात चाळीस किलो असताना ते आठवत नाही. 'भिंतीकडे' आणि 'कठड्याकडे' म्हणा. खोलीत असाल तर 'खिडकीकडे', 'दाराकडे'.

जोडीदार सासरे किंवा शेजारचे काका असतील तर 'उचला', 'टेकवा' म्हणावं लागेल. चालेल, पण मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. अर्ध्या वाटेत संकोचून 'जरा असं घेता का' सुरू झालं की शब्द लांबतो आणि हालचाल चुकते.

हुकूम कोणाचा? सपाटीवर उलटा चालतो त्याचा, जिन्यावर खालच्याचा. पाय घसरला तर कपाट ज्याच्या अंगावर येणार, वेग त्यानेच ठरवायचा. 'थांब' म्हणायचा हक्क मात्र दोघांना, आणि कारण न विचारता थांबायचं. कारण टेकवल्यावर विचारा.

किती वजन, कोणाकडे

रिकामं कपाटसुद्धा ७० ते १०० किलो भरतं, पत्र्याच्या जाडीनुसार. आतले कपडे, खण, सुटणारी फळी, लॉकरमधल्या वस्तू, सगळं बाहेर काढा. दारं कुलूप लावून वरून दोन जागी दोरीने बांधा. नुसत्या मुठीवर विसंबू नका, कारण पिळ बसला की कडी सुटते आणि दार नेमकं वळणावर उघडतं. किल्ली खिशात ठेवा, कपाटाला लटकवू नका.

दोघांची ताकद म्हणजे दोघांच्या ताकदीची बेरीज नव्हे. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात दोघे मिळून त्या बेरजेच्या दोन तृतीयांशच धरतात, आणि तिघे मिळून निम्मीच. ३० किलो सहज उचलणारे दोघे म्हणजे ६० नव्हे, ४० किलो. उरलेलं एकमेकांशी जुळवून घेण्यात जातं: पकड अडचणीची, पाऊल मोकळं नाही, एकाचा जोर दुसऱ्याच्या विरुद्ध. अमेरिकेत कामाच्या जागच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या निऑश संस्थेच्या सूत्रात तर सगळी परिस्थिती आदर्श असतानाही एका माणसाला २३ किलोच धरलेले आहेत. हे आकडे वाचून कपाट तिथेच सोडायचं असं नाही, पण शंभर किलोचा जुना जाड पत्रा असेल तर चार हमाल बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

जिन्यावर वाटणी आणखी बिघडते. दोघांनी तळाच्या कडा धरल्या आणि वस्तू तिरकी झाली की तिचा भारमध्य खालच्याकडे सरकतो. जिन्याचा उतार साधारण ३३ अंशांचा धरला तर कपाट त्याच्या पाठीवर, म्हणजे मागची बाजू खाली ठेवून, आडवं घेतलं तर खालच्यावर ५८ टक्के येतं. तेच कुशीवर घेतलं, म्हणजे तीन फुटांची रुंदी उभी ठेवून, तर ६५ टक्के. म्हणून कपाट नेहमी पाठीवर. वॉशिंग मशीन तर जवळजवळ चौकोनी ठोकळाच. ते तिरकं केलं की खालच्याकडे ८० टक्क्यांच्या वर जातं. ६५ किलोचं फ्रंट लोड मशीन म्हणजे एकट्याकडे ५२ किलो, आणि वरचा मनापासून म्हणत असतो, 'अरे, एवढं काही जड नाही.' मशीन म्हणूनच तिरकं करायचं नाही. खालून दोन पट्टे ओढून, उभंच ठेवून, खालच्याने पट्टा आखूड धरून न्यायचं. फ्रिजही शक्यतो उभाच.

उंच आणि दणकट माणूस खाली. वस्तू कमी तिरकी ठेवायला त्याला हात उंच धरावे लागतात, आणि तिथे उंचीचा फायदा होतो.

तिसरा माणूस मिळाला तर त्याला उचलायला लावू नका. तो खालच्याच्या मागे एक पायरी राहील, हाताचा तळवा त्याच्या पाठीवर, आणि पायऱ्या मोजेल.

पहिली उचल: दोन इंच

साहित्य फार नाही. नायलॉनचे रुंद पट्टे दोन, प्रत्येकी तीन-चार मीटर. जुनी सतरंजी किंवा जाड गोधडी. इंचभर जाडीचे लाकडी ठोकळे चार. रबराचा थर असलेले हातमोजे. नुसते सुती नकोत, पत्र्यावरून निसटतात. पायात बंद बूट. चपला घालून हे काम करणारे रोज दिसतात, आणि अंगठ्याची नखंही तशीच दिसतात.

जिना आधी रिकाम्या हातांनी उतरा, दोघेही, ज्याला उलटं उतरायचं आहे त्याने उलटंच. पायऱ्या मोजा. बहुतेक जिन्यांत एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा-एक इंच कमी-जास्त असते, बहुधा पहिली किंवा शेवटची. पाय तिथेच चुकतो. कुंड्या, सायकली, चपलांचे स्टँड हलवा. टप्प्यावरची उंची मोजा: कपाट पाठीवरून उभं करताना त्याचा कर्ण २०४ सेंमी होतो, आणि कुशीवरून उभं केलं तर २१८. बीम किंवा ट्यूबलाइट त्याच्या आत येत असेल तर ते आत्ता कळू दे.

आता कपाट पाठीवर झोपवायचं. एक जण पाठीमागे, हात खांद्याच्या उंचीवर. दुसरा समोर, एक पाऊल तळाच्या पट्टीला अडवून, म्हणजे तळ घसरणार नाही. आडवं येतं ते थेट जमिनीवर नव्हे, ठोकळ्यांवर. बोटं जाण्यापुरती फट राहिली पाहिजे.

मग चाचणीची उचल. 'एक... दोन... उचल', फक्त दोन इंच, तीन सेकंद थांबा, 'एक... दोन... टेकव'. या दोन इंचांत तीन गोष्टी कळतात: कोणती बाजू जड आहे, कोणाची पकड निसटते आहे, आणि जोडीदार झटका देतो की दाब वाढवत नेतो. झटका देणाऱ्याबरोबर कुणालाच काम करता येत नाही. त्याला सांगा: शब्दावर आधी कपाट हाताला 'लागलं' पाहिजे, मग ते हललं पाहिजे. जोर चढवायला अर्धा सेकंद द्या. कपाट हा दोघांमधला ताणलेला दोर आहे असं समजा. समोरचा किती आणि कुठे जोर देतोय हे कानाआधी हातांना कळतं, पण हात दगडासारखे आवळलेले नसतील तरच. कोपरं किंचित वाकलेली असू द्या.

जमेपर्यंत दोन-तीनदा करा. चौथ्यांदाही एक बाजू आधी उठत असेल तर मोजणारा बदला.

सपाटीवर पाऊल

समोरासमोर धरलं असेल तर दोघांनीही आपापल्या डाव्या पायाने सुरुवात करा. एकाचा डावा भिंतीकडे, दुसऱ्याचा कठड्याकडे. दोघांचा झोल एकमेकांना मारतो आणि कपाट मधोमध राहतं. आरशातल्यासारखी पावलं पडली की प्रत्येक पावलाला दोघे एकाच बाजूला झुकतात आणि कपाट झोके खाऊ लागतं. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात स्ट्रेचरबद्दल हेच शिकवतात, फक्त तिथे दोघांची तोंडं एकाच दिशेला असल्याने पुढचा डाव्याने आणि मागचा उजव्याने निघतो.

अडचण अशी, की माणसाची पावलं आपोआप जुळायला बघतात. वेग वाढला की जास्तच. दोन्ही हातांच्या तर्जनी उलट-सुलट हलवत वेग वाढवून बघा. एका टप्प्यावर त्या तुमची परवानगी न घेता एकसारख्या हलायला लागतात. दोन माणसांच्या पायांचंही तसंच होतं. उपाय एकच, हळू चाला आणि पाऊल आखूड ठेवा, फूटभर. झोल सुरू झालाच तर चालता चालता पाय बदलू नका. 'थांब', टेकवा, पुन्हा निघा.

जिना

इथे शहाणपण उचलण्यात नाही, सरकवण्यात आहे. सतरंजी कपाटाच्या पाठीला गुंडाळून पट्ट्यांनी बांधा. कपाटाचा तळ पुढे, माथा मागे. पायरी साधारण दहा इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच असेल तर एका कडेपासून दुसरी कड तिरकी मोजून फूटभर अंतरावर येते. साडेसहा फुटी कपाट म्हणजे एका वेळी सहा कडांवर टेकलेलं. वजन जिना घेतो. तुम्हाला फक्त घसरण धरायची असते. कडप्प्याच्या किंवा मोझॅकच्या गुळगुळीत पायऱ्यांवर सतरंजी जास्त घसरते, तिथे गोणपाट बरं.

वरचा पट्टा माथ्याभोवती एक वेढा देऊन वरच्याच्या हातात. मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. सोडायची वेळ आली तर सुटला पाहिजे. कठड्याला बांधायचा मोह होतो. जुन्या वाड्यातला किंवा चाळीतला लाकडी कठडा माणूस टेकायला असतो, ऐंशी किलो धरायला नाही.

खालचा कपाटाकडे तोंड करून, दोन्ही हात तळाच्या कडेला. एका वेळी एकच माणूस हलतो. क्रम असा: खालचा एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसराही त्याच पायरीवर. टाच पायरीच्या कडेकडे राहते, चवडा मात्र पूर्ण आत. मग 'चल'. वरचा पट्टा एका पायरीपुरता, फूटभर, सैल करतो. कपाट सरकतं. 'थांब.' आता वरचा एक पायरी उतरतो. पुन्हा पहिल्यापासून. बारा पायऱ्यांना चार-पाच मिनिटं लागतात. जो म्हणतो 'एका दमात नेऊ', त्याला खाली ठेवा आणि पट्टा दुसऱ्याच्या हातात द्या.

सगळ्यात नेहमीची चूक वरच्याची असते: खालच्याला मदत व्हावी म्हणून तो कपाट किंचित पुढे ढकलतो. त्याला ती मदत वाटते. खालच्याला तो धक्का असतो, आणि उलट्या पावलावरचा धक्का थेट गुडघ्यात जातो. वरच्याचं काम फक्त ओढून धरायचं आणि सांगितल्यावर सोडायचं. दुसरी चूक खालच्याची: पायरी पायाने शोधताना तो मान वळवून मागे बघतो, मानेबरोबर खांदे फिरतात, आणि कपाट कठड्याकडे जातं. बघायचं असेल तर आधी 'थांब'. शेवटची पायरी वरच्याने किंवा तिसऱ्याने मोठ्याने सांगायची: 'दोन राहिल्या... एक... संपल्या.' संपल्या हे न कळता पडलेलं पाऊल कंबरेला फार वाईट लागतं.

वळणाचा टप्पा

आडवं कपाट मीटरभर रुंद टप्प्यावर फिरत नाही. कितीही युक्त्या केल्या तरी साडेसहा फूट ते साडेसहा फूट. ते उभं करावं लागतं. तळ टप्प्यावर पूर्ण आला, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, की खालचा तळाच्या पट्टीला पाऊल लावतो आणि वरचा माथा उचलत पायऱ्या उतरतो. कपाट उभं राहील. शेवटच्या दहा-पंधरा अंशांत ते स्वतःच्या वजनाने पुढे पडू बघतं. खालच्याचे तळवे तिथे आधीच छातीच्या उंचीवर तयार पाहिजेत, आणि वरच्याने 'येतंय' असं म्हणून जोर काढायचा, न सांगता नाही. बाटली आठवा.

उभं झालं की एका कोपऱ्यावर तोलून फिरवा. तळाचा कर्ण १०४ सेंमी आहे, तेवढी जागा मोकळी हवी. दोघांनी समोरासमोरचे उभे कोपरे धरायचे. एक किंचित आपल्याकडे झुकवतो, दुसरा फिरवतो, पुन्हा उलट. पाठ टप्प्याकडे आणि दारं पुढच्या जिन्याकडे येतील असं थांबवा.

आता पुढच्या जिन्यावर पहिल्या तीन पायऱ्या. पूर्ण कामातली ही सर्वांत अवघड जागा, कारण कपाट अजून बरंच उभं असतं, मागे भिंत असल्याने माथा पुरता मागे नेता येत नाही, आणि वजन जवळजवळ सगळं खालच्याकडे असतं. सरकवू नका. खालचा दोन पायऱ्या खाली. 'एक... दोन... उचल', तळाची मागची कड एका पायरीवर, 'टेकव'. श्वास. पुन्हा एक. वरचा या वेळात फक्त माथा मागे धरून ठेवतो. तिसऱ्या पायरीपर्यंत पाठ टप्प्याच्या कडेला लागते आणि कपाट हळूहळू जिन्यावर निजतं. मग आधी सांगितलेलाच सरकवण्याचा क्रम.

हात घामेजले असतील तर पुसायची वेळ टप्प्यावर, मध्ये नाही. दोन टप्प्यांनंतर जागा बदलावीशी वाटली तरी बदलू नका. जमलेली लय पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. त्यापेक्षा पाच मिनिटं बसा.

टेकवताना

खाली पोचल्यावर दोघेही सैल पडतात, आणि बोटं इथेच जातात. दोन्ही टोकं एकदम टेकवायची नाहीत. आधी ठोकळे मांडा. 'एक... दोन... टेकव' ते एका टोकाचं. तो माणूस बोटं बाहेर काढतो आणि म्हणतो, 'माझं टेकलं.' मग दुसरं टोक. 'माझं टेकलं' ऐकू येईपर्यंत दुसऱ्याने पकडीतला एक कणही सोडायचा नाही, त्याला ते टेकल्यासारखं वाटलं तरी.

टेम्पोत चढवताना तळाची बाजू आधी फळीवर, मग मागून दोघांनी ढकलायचं, दोघेही एकाच बाजूला. मागून दोघे आणि आतून एक ओढणारा असेल तर हुकूम आतल्याचा, कारण शेवटचा फूटभर फक्त त्यालाच दिसतो.

नव्या घरी उभं केल्यावर दार घासत असेल तर लगेच मिस्त्री शोधू नका. फरशीला उतार असतो, आणि अशा कपाटाचा सांगाडा चारपैकी एक कोपरा अधांतरी असला की तिरपा होतो. एकाने माथ्याजवळून कपाट किंचित मागे धरायचं, दुसऱ्याने पुठ्ठ्याची दुमडलेली घडी त्या कोपऱ्याखाली सरकवायची, आणि हात बाहेर काढून सांगायचं, 'काढला.' त्यानंतरच सोडायचं.